चौरस पाकिटं

पाकिटात कागद घालून पाकीट चिकटवणं हे काम दिसायला सोपं आहे आणि करायलाही सोपंच आहे. अवघड आहे ते दिवसभर करणं. म्हणून मालक ते स्वतः कधी करत नसत.

मालक म्हणजे छापखान्याचे मालक. खाली छापखाना, वर घर. शाळेला पालकांना काही कळवायचं असतं, वाचनालयाला सभासदांकडून पुस्तकं परत हवी असतात, क्लबाला आपली सभा आहे याची सदस्यांना आठवण करायची असते. या सगळ्यांचे कागद मालकांकडे छापायचे, घड्या घालून पाकिटांत भरायचे आणि पोस्टात नेऊन टाकायचे, असा हा धंदा. खालच्या खोलीत एक लांबलचक टेबल होतं. थोरली सून त्यावर घड्या घालायची, धाकटी सून त्या पाकिटात सरकवायची, आणि सासूबाई पाकिटाची गोंदाची कड ओल्या स्पंजवरून फिरवून ते बंद करायच्या.

"जन्मभर तोंडं बंद करत आलेय," सासूबाई म्हणत, "पण घरातलं एकही जमलं नाही."

हा टोला मालकांना असे. मालकांना तो लागत नसे, कारण त्यांना कमी ऐकू येत होतं. निदान ते तसं सांगत. गिऱ्हाइकानं सवलतीचा विषय काढला की त्यांचे कान आणखी बिघडत. खिडकीपाशी खुर्ची टाकून, पायावर पाय ठेवून ते सकाळपासून पेपर वाचत बसत, आणि टेबलावरच्या गप्पांबद्दल त्यांचं धोरण जाहीर होतं. "हात चालू द्या. तोंडाचं तुमचं तुम्ही बघा. मला ऐकू येत नाही, आणि आलं तरी बायकांच्या गप्पांत मला रस नाही."

गावाच्या दुसऱ्या टोकाला दुसरा एक छापखाना होता. त्यानं एक दिवस मशीन आणलं. एका बाजूनं कोरा कागद घाला, दुसऱ्या बाजूनं छापलेलं, घडी घातलेलं, पाकिटात बसलेलं आणि चिकटवलेलं पत्र घ्या. धाकटा मुलगा वर्षभर हेच मशीन घेऊ या म्हणून मागे लागला होता, तेव्हा मालकांना ऐकू आलं नव्हतं. दुसऱ्यानं घेतल्याचं मात्र भिंतीपलीकडून ऐकू आलं. "मागव," ते म्हणाले. "सुनांची बोटं झिजायला लागली आहेत." सुनांच्या बोटांबद्दल त्यांनी आयुष्यात काढलेले हे पहिलेच उद्गार होते.

मशीन आलं त्या सकाळी टेबलावर दातांच्या डॉक्टरची गोष्ट रंगात आली होती. ही गोष्ट थोरली बरेच दिवस पुरवून पुरवून सांगत होती. पलीकडच्या गल्लीतला हा डॉक्टर, वय उलटून चाललेला, सडाफटिंग. त्याच्या दवाखान्याच्या वरच गाणं शिकवणारी एक बाई राहायला आली. डॉक्टरनं दाढेत यंत्र घालायला आणि तिनं तान घ्यायला एकच गाठ. तो जिना चढून भांडून आला. ती खाली उतरून भांडून गेली. दोघांनी घरमालकाकडे एकमेकांच्या तक्रारी केल्या. आणि मग एके दिवशी बाईंची दाढ ठणकायला लागली.

"जाणार कुठे?" थोरली म्हणाली. "दुसरा डॉक्टर लांब. शेवटी आल्या बिचाऱ्या खाली. गाल हा एवढा. खुर्चीत बसल्या. त्यानं दोन्ही गालांत कापसाचे बोळे कोंबले. यंत्र हातात घेतलं. आणि घेतलं ते तसंच धरून उभा. चालू करीना."

"का?" धाकटी म्हणाली.

"तिच्याकडे बघतोय. ती याच्याकडे बघतेय. तिला बोलता येत नाही. आणि मग यानं हळूच विचारलं..."

बाहेर ट्रकचा हॉर्न वाजला. हमाल आत आले. दार लहान पडलं म्हणून दाराची एक फळी काढावी लागली, टेबल भिंतीला सरकवावं लागलं, आणि या गडबडीत डॉक्टरनं काय विचारलं ते राहूनच गेलं.

मशीन खरोखर गुणी होतं. कागद ओढून घ्यायचं, छापायचं, दोन घड्या घालायचं, पाकिटाचं तोंड फुंकर मारून उघडायचं, कागद आत ढकलायचं, गोंदाला पाण्याचा हात लावायचं आणि रुळांखालून दाबून पाकीट पुढे सोडायचं. दोन कागद चिकटून आत गेले तर थांबून दिवा लावायचं. धाकटा मुलगा त्याच्याकडे नव्या नवरीकडे बघावं तसा बघत असे, आणि धाकटी सून नवऱ्याकडे, यानं आपल्याकडे असं कधी पाहिलं होतं अशा नजरेनं. तिघी मोकळ्या झाल्या. थोरली वर गिऱ्हाइकांचे फोन घ्यायला लागली, धाकटी संगणकावर मजकूर लावायला लागली, सासूबाई दुपारच्या झोपू लागल्या. टेबलावर कागदाचे गठ्ठे रचले गेले. आणि मालक खिडकीपाशी पेपर घेऊन बसले.

पहिल्या दिवशी त्यांनी पेपर वाचला. दुसऱ्या दिवशी त्यांच्या लक्षात आलं की पेपरात काही नसतं. बरीच वर्षं हातात धरूनही हे त्यांना माहीत नव्हतं.

मग त्यांनी मशीनकडे लक्ष वळवलं. आवाज फार करतं. घडी एका बाजूला केसभर जास्त येते. गोंद लागतो की नुसताच ओला होतो? मशीन संपल्यावर ते मुलाकडे वळले, मुलानंतर चहाकडे. "साखर मोजून घालता की अंदाजानं?" साखर लग्नापासून अंदाजानंच घातली जात होती. फोनवर थोरली फार हसून बोलते म्हणून गिऱ्हाइकं सोकावतात. धाकटीची अक्षरं बारीक आहेत. सासूबाई झोपेत कुशीवर वळतात तेव्हा पलंग वाजतो.

"बाबांना झालंय काय?" धाकट्यानं बायकोला विचारलं.

"तुझ्या मशीनला विचार," ती म्हणाली.

मालकांना काय झालं होतं ते फक्त मालकांना माहीत होतं. एक बाई तोंडात कापूस घालून खुर्चीत बसली होती, एक माणूस हातात यंत्र धरून उभा होता, आणि त्यानं तिला काहीतरी विचारलं होतं. काय, हे कळेपर्यंत मालकांना चैन पडणार नव्हतं. विचारण्याची सोय नव्हती. विचारलं, की इतकी वर्षं ऐकू येत होतं हे कबूल करायचं, आणि त्याहून वाईट म्हणजे रस होता हे कबूल करायचं. या वयात माणसानं काय काय सोडायचं?

त्यांनी स्वतःच शोध घ्यायचं ठरवलं. दाढ दुखते असं सांगून ते पलीकडच्या गल्लीत गेले. तिथे दातांचा एक दवाखाना होताही. पण डॉक्टर बाई निघाली, आणि वरच्या मजल्यावर विम्याचं ऑफिस. "वर कुणी गातं का?" खुर्चीत आडवं झाल्यावर त्यांनी विचारलं. "मोठा आ करा," डॉक्टरीण म्हणाली. सगळे दात घासूनपुसून लख्ख करून घेऊन ते परत आले.

"दात चमकताहेत अगदी," सासूबाई म्हणाल्या. "कुठे दाखवायचे आहेत?"

मालकांना ऐकू आलं नाही.

शेवटी त्यांनी जो मार्ग धरला तो त्यांच्या वयाला आणि प्रतिष्ठेला शोभणारा नव्हता, पण सोपा होता. मशीनला आत एक बारीक काचेचा डोळा असतो. पाकीट पुढे गेलं की नाही ते तो डोळा बघतो. दुपारी सगळे जेवायला वर गेले असताना मालकांनी काळ्या चिकटपट्टीचा नखाएवढा तुकडा कापला आणि त्या डोळ्यावर लावला. मग हात धुऊन, वर जाऊन, भाजीत मीठ कमी आहे असं सांगून ते जेवले.

मशीनला वाटायला लागलं की पाकीट अडकलंय. ते थांबलं. धाकट्यानं उघडलं, झाडलं, बंद केलं, चालू केलं. मशीन म्हणालं, पाकीट अडकलंय. त्यानं कारागिराला फोन लावला. कारागीर परगावी होता आणि दोन दिवसांनी येणार होता. क्लबाच्या सभेच्या सूचना मात्र संध्याकाळच्या टपालात पडायलाच हव्या होत्या.

"आता हो?" धाकटा म्हणाला.

"आता काय," मालक पेपराआडून म्हणाले. "टेबल मोकळं करा. पूर्वी काय मशीन होतं?"

कागदाचे गठ्ठे उतरले. सासूबाईंना उठवून आणलं. स्पंज भिजला. तिघी आपापल्या जागी बसल्या आणि हात चालू झाले. मालकांनी पायावर पाय टाकला, पेपर वर धरला, आणि कान तयार ठेवले.

"परवा माझ्या मावसबहिणीनं पडदे घेतले," धाकटी म्हणाली.

"कसले?"

"निळे."

पडद्यांवर एक गठ्ठा गेला. मग धुतल्यावर निळा रंग जातो की टिकतो, यावर दुसरा गेला. तिसऱ्याला थोरलीनं आपल्या भावाच्या पायाचा लचकलेला घोटा काढला. मालक वाट बघत होते. घोट्याला पट्टी बांधून झाली. शेकही देऊन झाला. मग सासूबाईंनी हवेचा विषय काढला, तेव्हा मात्र मालकांचा धीर सुटला.

"अहो, त्या डॉक्टरनं विचारलं तरी काय?"

टेबलावरचे सहाही हात थांबले. पेपर मालकांच्या मांडीवर आला होता. तो पुन्हा वर उचलण्यात आता अर्थ नव्हता.

"कुठल्या डॉक्टरनं, मामंजी?" थोरलीनं विचारलं. तिचा चेहरा कोऱ्या कागदासारखा होता.

"दातांच्या. तोंडात कापूस घालून बाईला बसवून ठेवलंय त्यानं. इतके दिवस."

"तुम्हाला ऐकू आलं वाटतं."

"वाऱ्याबरोबर आलं असेल."

धाकटीनं पदर तोंडाला लावला. थोरलीनं हातातली घडी नखानं नीट दाबली. "मामंजी, रागावू नका. असा कुणी डॉक्टरच नाही."

"नाही म्हणजे?"

"मनानंच रचलाय. त्याच्या आधीचा तो दोन घरं सांभाळणारा पोस्टमन, तोही. आणि जुळ्या बहिणींचं ते लग्नही."

मालकांच्या चेहऱ्यावर जुळ्या बहिणींच्या वियोगाचं दुःख स्पष्ट दिसलं. "का?" एवढंच ते म्हणाले.

"तुमच्या पायामुळे," सासूबाई म्हणाल्या. "गोष्ट आवडली की तुमचा वरचा पाय हलतो. कंटाळलात की थांबतो. आणि पाय थांबला की तुम्ही उठून येता, घडी वाकडी आहे म्हणता, गोंद जास्त आहे म्हणता, एकेक पाकीट उजेडाकडे धरून बघता. त्या दिवशी काम म्हणून होत नाही. मग या पोरींनी ठरवलं, पाय हलता ठेवायचा. कामाचाच भाग तो. हिनं सांगायचं, तिनं 'मग?' म्हणायचं."

"आणि तू?"

"मी तुमच्या पायाकडे बघायची. थांबायला लागला की हिला कोपरानं ढोसायची. मग पोस्टमनची दुसरी बायको दारात उभी राहायची."

आपल्याला इतकी वर्षं फसवलं, याचा राग करावा की आपल्यासाठी इतकी मेहनत घेतली, याचा अभिमान धरावा, हे मालकांना ठरवता येत नव्हतं. शेवटी त्यांनी दोन्ही बाजूला ठेवलं.

"नाही तर नाही," ते म्हणाले. "पण नसलेल्या डॉक्टरनं विचारलं काय?"

"ते अजून ठरलं नाही," थोरली म्हणाली. "ट्रक आला ना. आणि आता आम्हाला वेळ कुठे आहे? मशीन आहे." तिनं मालकांच्या खिशातून डोकावणाऱ्या कात्रीकडे आणि तिला चिकटलेल्या काळ्या पट्टीकडे बघितलं. "चालू झालं म्हणजे. तुम्ही ती चिकटपट्टी आजच काढताय की कारागीर येईपर्यंत ठेवताय?"

मालकांनी खिशातली कात्री टेबलावर ठेवली आणि मशीनकडे गेले. धाकटा मुलगा आ वासून बघत राहिला. बापाच्या नखात अडकून आलेला तो काळा तुकडा बघून तो एवढंच म्हणाला, "बाबा, तुम्हाला गोष्टच हवी होती तर सांगायचं ना. साखरेवरून तरी सुटलो असतो." मशीन लगेच चालू झालं. उरलेल्या सूचना टपालात वेळेवर पडल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळीच मालक बाहेर पडले. जेवायच्या वेळेला परत आले ते एक खोकं घेऊन. गुलाबाची रोपं विकणाऱ्या एका बाईकडून ऑर्डर आणली होती. तिच्या गिऱ्हाइकांना नव्या रोपांची पत्रकं पाठवायची होती, दर आठवड्याला.

धाकट्यानं खोकं उघडलं. "बाबा, ही पाकिटं चौरस आहेत."

"हो."

"मशीन लांबट पाकिटंच घेतं. ही घेणार नाही."

"असं?" मालक म्हणाले. "अरेरे."

"आणि हिला लांबट चालली नसती?"

"ती लांबटच मागत होती. पुष्कळ समजावलं तेव्हा ऐकलं."

पलीकडच्या कोपऱ्यात मशीन वाचनालयाची पत्रं गिळत होतं. इकडे दुपारची जेवणं झाल्यावर मालकांनी स्वतः टेबल पुसलं, स्पंज भिजवून बशीत ठेवला आणि तीन खुर्च्या ओढल्या. मग खिडकीपाशी जाऊन पेपर उघडला. तिघी बसल्या. पत्रकांच्या घड्या पडायला लागल्या. थोरलीनं धाकटीकडे बघितलं, धाकटीनं थोरलीकडे. आता ऐकणारा ऐकतोय हे माहीत असताना सुरुवात कुठून करायची? खिडकीपाशी वरचा पाय स्थिर होता.

सुरुवात केली ती सासूबाईंनी. इतक्या वर्षांत त्यांनी स्वतः कधी काही रचलं नव्हतं.

"त्यानं यंत्र खाली ठेवलं," त्या पाकिटाची कड स्पंजवरून फिरवत म्हणाल्या. "म्हणाला, दाढ काढतो, पण नंतर आठवडाभर गायचं नाही. तिनं मान हलवली. मग जरा थांबून यानं विचारलं, 'मग तान नसताना आठवडाभर मी काम कसं करू?'"

थोरलीची घडी अर्ध्यावरच राहिली. धाकटीला आपलं काम आठवलं. "मग? ती काय म्हणाली?"

"काय म्हणणार? तोंडात कापूस."

खिडकीपाशी पाय हलायला लागला होता.

"मग काढा की तो कापूस," पेपर म्हणाला.