फुली नाही म्हणजे चांगलं

ही गोष्ट एकोणीसशे एकाहत्तर सालची. मार्चमधला दुसरा रविवार. दिवस इतका पक्का लक्षात राहायला कारण आहे. त्या दिवशी मी नवऱ्याचं घर सोडणार होते.

आमचे हे काचकारखान्यात तपासनीस होते. पांढऱ्या दिव्यासमोरच्या पट्ट्यावरून बाटल्या सरकत जायच्या आणि हे स्टुलावर बसून त्या बघायचे. मान तडकलेली, पोटात बुडबुडा राहिलेला, बूड वाकडं, की लगेच खडूची फुली मारून बाटली बाजूला. चांगल्या बाटलीला काहीच करायचं नाही. ती आपली पुढे जायची. रोज आठ तास हेच. कारखान्यात यांच्या नजरेचं फार कौतुक होतं. त्या नजरेखाली संसार कसा होतो, हे मात्र मला कुणी विचारायला आलं नाही.

कारण स्टुलावरून उठून घरी आले तरी यांचं काम चालूच. "कॉलर डावीकडे चुरगळलीय." "चहा आज जरा पाणचट झालाय." "या पडद्याची शिवण तिरकी गेलीय." खोटं कधी बोलले नाहीत, तीच तर पंचाईत. शिवण तिरकीच असायची. पण बाकीचे सात पडदे मी सरळ शिवले होते, त्यांच्याबद्दल अवाक्षर नाही. नऊ वर्षांत 'छान झालंय' असं एकदाही कानावर पडलं नाही. मी एकदा तोंड उघडून विचारलंच, तर म्हणाले, "फुली नाही म्हणजे चांगलंच की!"

माझ्या भावाचं दुसऱ्या गावात शिवणाचं दुकान होतं. त्याचं पत्र आलं: मागची खोली रिकामी आहे, मशीन पडून आहे, लेकीला घेऊन ये. पत्र पर्समध्ये ठेवून मी रविवारची वाट बघत बसले. आम्ही तळ्यावर फिरायला जाणार होतो, आणि भावाच्या गावाची बस रविवारी नि बुधवारी तळ्याच्या फाट्यावर चारला थांबायची. मी ठरवलं, दिवसभरात यांनी एक चांगला शब्द काढला तर राहायचं. नाहीतर चारच्या बसनं मी आणि बुटकी चाललो. बुटकी म्हणजे आमची सात वर्षांची मुलगी.

हे फक्त वन्संना सांगितलं होतं. वन्सं म्हणजे यांची धाकटी बहीण. टेलिफोन ऑफिसात नोकरीला होत्या आणि आमच्यातच राहायच्या.

"एक शब्द?" वन्सं म्हणाल्या. "वहिनी, मग तू सामान बांधच. दादाच्या तोंडून चांगला शब्द काढायचा तर दाताचा डॉक्टर बोलवावा लागेल."

पहाटे पाचला उठून मी अंडी उकडली, बटाटे भाजले, पाव कापले, संत्री पुसून पिशवीत भरली, थर्मासात चहा ओतला. तळ्याकाठी झाडाखाली चटई टाकली. ऊन कोवळं होतं, पाणी शांत होतं. बुटकी काठावरचे गोटे गोळा करत होती. आणि यांनी अंडं हातात घेऊन फिरवलं. "याला चीर गेलीय."

मी ते काढून घेतलं, दुसरं दिलं.

"थर्मासचं बूच नीट बसलेलं नाही."

वन्संनी माझ्याकडे बघून दोन बोटं वर केली.

साडेतीन वाजले. हे संत्री खात होते. सातवं संत्रं सोललं, एक फोड तोंडात टाकली आणि म्हणाले, "हे आंबट निघालं."

"आधीची सहा?" मी विचारलं.

"ती काय?"

"ती कशी होती?"

"ती खाल्ली की मी."

तळपायाची आग मस्तकात गेली. पर्स उचलली, बुटकीचा हात धरला आणि फाट्याकडे चालू लागले. बुटकी ओरडत होती, "आई, गोटे राहिले ना!" मी वळूनही बघितलं नाही.

रांगेत माझ्यापुढे एक म्हातारे गृहस्थ आणि दोन नर्स होत्या. हे धापा टाकत आले, मागून चटई बगलेत मारून वन्सं.

"कुठे निघालीस?"

"भावाकडे."

"परत कधी येणार?"

"नाही येणार."

यांचा चेहरा पांढराफटक पडला. वन्सं म्हणाल्या, "दादा, काहीतरी चांगलं बोल तिच्याबद्दल. बस वळणावर दिसतेय."

हे एकेक शब्द तपासत असल्यासारखे बोलू लागले. "दोन वर्षांपूर्वी बुटकीला गोवर झाला, तेव्हा तू अकरा दिवस तिच्या खाटेशी जमिनीवर बसून होतीस. माझी आई गेली, तेव्हा तिचे केस तू विंचरलेस, हलक्या हातानं. माझ्या निळ्या स्वेटरचं कोपर तू असं रफू केलंस की जागा सापडत नाही. मी ते कारखान्याच्या दिव्याखाली धरून बघितलं. तरी सापडली नाही."

दुसरी एखादी असती तर तिथेच विरघळली असती. मी भडकले.

"म्हणजे तुम्हाला हे सगळं दिसत होतं?"

"दिसणारच. कामच आहे ते माझं."

"आणि नऊ वर्षं मूग गिळून बसलात? मला वाटायचं, या माणसाला दिसतच नाही. आंधळ्याला माफ करता येतं हो! तुम्ही बघितलंत, मोजलंत, लक्षात ठेवलंत, आणि मला मेलीला पत्ताच नाही! काय, कुलूप लावून ठेवायचं होतं?"

बस येऊन थांबली. नर्स चढल्या आणि खिडकीतून मान बाहेर काढून ऐकू लागल्या. कंडक्टर म्हणाला, "बाई, चढताय का?"

"थांबा हो! माझं बोलणं संपलेलं नाही!"

तो काही थांबला नाही. घंटी वाजली, धूळ उडाली, बस गेली.

"आता पुढची बुधवारी," वन्सं म्हणाल्या.

"बुधवारपर्यंत बघते," मी यांना म्हटलं. "रोज एक वाक्य. मोठ्यानं."

घरी जायच्या बसमध्ये गर्दी होती. यांनी मला जागा धरून दिली आणि स्वतः दांडा पकडून उभे राहिले. वन्सं माझ्या कानाशी लागल्या. "वहिनी, तू तरी त्याला कधी काही म्हणालीस का गं?" मला वन्संचा राग आला. मग आठवलं, नऊ वर्षं प्रत्येक बसमध्ये हे असेच उभे असायचे आणि मी कधी हूं की चूं केलं नव्हतं. आणखीच राग आला, या वेळी स्वतःचा. त्याच रागात मी म्हणाले, "जागा दिलीत. बरं वाटलं."

हे दचकले. "का? काय चुकलं?"

बुधवार आला आणि गेला. मी गेले नाही.

भावानं ती खोली एका घड्याळजीला दिली आणि माझ्याशी दोन वर्षं अबोला धरला. वन्संनी एक्केचाळिसाव्या वर्षी लग्न केलं, आठ वर्षं ज्याचा फक्त आवाज ऐकला होता अशा दुसऱ्या गावच्या ऑपरेटरशी. तो माणूस सकाळ-संध्याकाळ बायकोचं कौतुक करायचा. वन्सं वैतागून फोन करायच्या, "वहिनी, अदलाबदल करतेस का?" बुटकी बापापेक्षा उंच झाली, पूल बांधते, रविवारी फोन करते. कारखाना अठ्ठ्याऐंशीत बंद पडला.

हे दोन हजार नऊ साली गेले. रोजचं एक वाक्य अडतीस वर्षं चाललं, बहुतेक वेळा हजेरी दिल्यासारखं. शेवटच्या दुपारी मला म्हणाले, "उशी उंच झालीय." मी ती खाली केली, पांघरूण सारखं केलं आणि वाट बघत बसले. त्या दिवसाचं वाक्य राहिलं ते राहिलंच. त्याचा राग अजून गेलेला नाही.