खिडकीकडे बघणारी मुलगी

धुळ्याहून निघताना लाडकुंवरबाईंनी तो जुना फोटो पर्समध्ये टाकला. जळगावच्या नाट्यमंडळात नाटकाच्या निवडीसाठी नंबर लागायची वाट बघत बाकावर बसलेली पोरं. बठ्ठी, अगदी सगळी, कॅमेऱ्याकडे बघताहेत, एकटी लाडकुंवर खिडकीकडे. का, तर ऊन किती उरलंय ते बघायला. जैनांचं घर, दिवस मावळला की चुलीलाही कुलूप आणि तोंडालाही. फोटो निघतोय तोच आई दारात उभी, "चल, जेवून घे." घास कसेबसे गिळून पोर धावत परत आली, तर तिचं नाव पुकारून झालं होतं. पुढे धुळ्यात लग्न, लेकरं, नातवंडं. पण तो बाक काही मनातून हलला नाही.

आता त्याच मंडळाला नव्या नाटकात एक म्हातारी हवी होती. बोलावलं दुपारी आणि संध्याकाळ झाली तरी नंबर लागेना. नाटकवाल्यांचं घड्याळ तेव्हाही असंच होतं, मेलं.

"दादी, सूर्य टेकला," नात प्रियल डबा दाखवत म्हणाली. "इथे खायला बंदी आहे. अंगणात जाऊन दोन घास खाऊन घ्या, नाहीतर सकाळपर्यंत पाणीसुद्धा नाही तुम्हाला."

"आणि नाव पुकारलं तर? डबा ठेव आत."

"चक्कर येईल."

"आली तर स्टेजवर येऊ दे. मी इथून उठणार नाही."

ऊन भिंतीवर चढलं, तांबूस झालं आणि गेलं. पोटात कावळे ओरडत होते, पण बाईंनी खिडकीकडे मान वळवली नाही. नेमही मोडायचा नव्हता आणि नंबरही सोडायचा नव्हता. मग जेवणच सोडलं.

शेवटी नाव पुकारलं. दिग्दर्शक जितेंद्र नातवाच्या वयाचा. म्हणाला, "आजी, संवाद राहू द्या. लग्नाची पंगत आहे, तुम्हाला सपाटून भूक लागलीय. जेवून दाखवा."

बाईंना हसू आलं. असलं जेवण रात्रीही चालतं.

त्या मांडी घालून बसल्या. रिकाम्या फरशीवर बट्टी कुस्करली, चटका बसला तशी बोटं फुंकली, वरून तूप सोडायला लावलं, वरण कालवलं. पहिला घास तोंडात गेला आणि डोळे आपोआप मिटले. दारातून बघणाऱ्या प्रियलला रडू आवरेना.

"बस, आजी," जितेंद्र हळूच म्हणाला. "झालं."

"झालं कसलं?" बाईंनी नसलेलं ताट पुढे सरकवलं. "एवढ्या वर्षांची भूक आहे. वाढ."

जितेंद्र उठला, रिकाम्या हातात पळी धरली आणि वाकून वाढू लागला.