पिटूच्या बाबांनी उभारलेला तंबू

मी एक तंबू बोलतोय. 'चार माणसांचा' म्हणून विकला गेलो. माणसं किती बारीक असावीत, हे कुणी विचारलं नाही. पुढे मुलांच्या भटकंती गटाने मला घेतलं. ऊन, चिखल, काटेरी झुडपं, सगळं सोसलं. पाठीवरची ठिगळं मात्र पालकांची कृपा आहे.

दर रविवारी गटाची ताई मैदानावर मुलांना मला उभारायला शिकवायची. जो मला स्वतः उभारेल, तोच जंगलातल्या शिबिराला जाणार, असा नियम होता. पालकांकडून तिने एवढंच मागितलं होतं, की मुलांना वेळेवर सोडा, पाण्याचे कॅन आणा आणि लांब बसा. पहिल्या दोन गोष्टींना कुणाला वेळ नव्हता. तिसरी कुणाला जमेना.

त्यातलेच पिटूचे बाबा. वीस मजली इमारती बांधणारे इंजिनिअर! पिटूने काठी हातात घेतली रे घेतली, की 'दे इकडे' म्हणत ते पुढे. सूचनांचा कागद आधी खिशात जाई आणि मी कोसळल्यावर बाहेर येई. मग खापर माझ्या कापडावर. नाचता येईना अंगण वाकडं! पिटू बिचारी खुंट्या धरून उभी. तीन रविवार असेच गेले आणि शिबिराच्या यादीत तिचं नाव काही चढेना. मला तिची फार दया यायची.

चौथा रविवार शेवटचा होता. बाबा बाह्या सरसावून आले. पिटूच्या डोळ्यांत पाणी होतं.

"बाबा, शिबिराला तुम्ही जाणार आहात का?"

"नाही गं, तूच."

"मग मला करू द्या ना."

बाबा खुर्चीच्या कडेला टेकले. दोनदा उठले, दोन्ही वेळा ताईने नुसतं पाहिलं, तसे बसले. पिटूने काठी उलटी घातली, काढली, पुन्हा घातली. खरं सांगतो, आयुष्यात पहिल्यांदाच मला कोसळायची भीती वाटली. पण राहिलो उभा. जरा तिरका, पण उभा.

आज मी जंगलात आहे, अजूनही तिरकाच. पालकहो, विनंती एवढीच, की शिबीर बघायला आलात तर मला सरळ करू नका.

आत मुली गप्पा मारतायत. एकीने विचारलं, तंबू लावायला तुला कुणी मदत केली?

"बाबांनी," पिटू म्हणाली. "पाऊण तास गप्प बसले. फार जड गेलं त्यांना."