कप्पीची कुरकुर आणि बाईंचा खांदा

मी एक जुनी लाकडी कप्पी आहे, मित्रांनो, आणि खरं सांगायचं तर पहिल्या नंबरची भित्री आहे. एका शिवणाच्या दुकानात माळ्यावर कापडाचे तागे चढवायचे, हे माझं काम. "काय हलकी फिरते हो!" असं गिऱ्हाईकंसुद्धा म्हणायची. पुढे तागे खालच्या कपाटात आले आणि माझी रवानगी खिळ्यांच्या डब्यात झाली. तिथे माझा आस गंजला. कोणी विचारपूस केली नाही.

मग दुकानाच्या बाईंच्या उजव्या खांद्याचं ऑपरेशन झालं. त्यांच्या नवऱ्याने मला शोधून काढलं आणि दाराच्या चौकटीवर टांगलं. माझ्यावरून दोरी, दोरीला दोन मुठी. चांगल्या हाताने एक मूठ खाली ओढली की दुखरा हात आपोआप वर. माणसाचा हात! ताग्यापेक्षा हजारपट नाजूक! माझी तर पाचावर धारण बसली.

माझ्याहून जास्त घाबरल्या होत्या बाई. जन्म शिवणात गेलेला. टाका ओढला की शिवण उसवते, एवढंच त्यांना ठाऊक. त्यामुळे डॉक्टरांनी काढायला सांगूनही त्यांनी हात अडकवलेली गळ्यातली पट्टी आणखी तीन आठवडे सोडली नाही.

व्यायाम शिकवणारी ताई आली आणि तिने कपाळावर हात मारला. "मावशी, टाके कधीच निघाले. आता आतला व्रण आवळतोय. कापड आटतं ना, तसं. रोज ताणलं नाही तर तीन आठवड्यांनी सोमवारी तपासणीला गेलात की डॉक्टर म्हणतील, भूल देऊन खांदा सोडवावा लागेल."

"पुन्हा भूल? नको गं बाई!" बाईंचा चेहरा पांढराफटक पडला.

ताईने व्रणावर हलकेच बोटं फिरवायला शिकवलं, हात धरून ताण कितपत द्यायचा तेही दाखवलं. "ताण चालेल, पण चमक आली की थांबायचं," असं बजावून ती गेली.

दुसऱ्या दिवशी बाईंनी मूठ ओढली. हात छातीपर्यंत आला आणि कर्रर्र आवाज झाला.

"अगं आई गं! उसवलं! आत काहीतरी उसवलं!" बाईंनी मूठ सोडली आणि पुन्हा पट्टी बांधली. आवाज माझा होता, मित्रांनो. मला सांगता येईना. माझ्यापायी या बाईंचा हात कायमचा जाणार, या विचाराने मी लटकल्या जागी गारठले. दोन दिवस त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही.

तिसऱ्या दिवशी नवऱ्याने रिकाम्याच मुठी ओढून पाहिल्या. कर्रर्र! "अगं, तुझा खांदा नाही, ही बया ओरडतेय!" त्याने शिलाई मशीनचं तेल माझ्या आसावर सोडलं.

बाई पुन्हा माझ्याखाली उभ्या राहिल्या. डोळे घट्ट मिटलेले. हात छातीशी, मग हनुवटीशी, मग कानापाशी. आवाज नाही. बाई रडत होत्या, तरी मूठ सुटली नाही. त्यानंतर रोज दोनदा तेच.

तपासणीच्या सोमवारी दोघं दवाखान्यात गेली. तो दिवस कसा काढला, माझं मला ठाऊक. संध्याकाळी बाई आल्या, चप्पल न काढताच दारात थांबल्या आणि दुखरा हात, कुणाचाही आधार न घेता, हळूहळू वर नेऊन माझी मूठ धरली.

"भूल नको म्हणाले," त्या मला म्हणाल्या. "पण तुला सोडायचं नाही म्हणाले."

मित्रांनो, भीती मलाही वाटते, अजून वाटते. पण कुणाला डब्यात गंजत ठेवू नका आणि भीतीपोटी आपला हात गळ्यात बांधून बसू नका. थोडं तेल द्या, थोडं हलवा, रोज.