दंडात घट्ट

करुणाला साड्यांचा नाद आहे हे आमच्या गल्लीत शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. हिंगोलीच्या बाजारात भाजी आणायला म्हणून निघायची आणि येताना पिशवीत मेथीच्या जुडीखाली साडी असायची. दसऱ्याच्या प्रदर्शनात तर तिला एकटीला सोडायची सोय नव्हती. मी तिची शेजारीण, भिंतीला भिंत लागून. तिला स्टॉलवरून ओढून आणायचं काम माझ्याकडे, पण कधी कधी मीच तिथं पदर उलगडून बघत बसायची.

ती बालवाडीत शिकवायची. मानधन हातात पडलं की पाय कापडाच्या दुकानाकडे वळलेच. साडी घरी आली की येत्या रविवारी ती ब्लाउज शिवायला टाकायला डोंगरकड्याला जाणार, आणि तो दंडात घट्ट झाला म्हणून पुढं आणखी एकदा जाणार, हेही ठरलेलं. तिथं तिची आई रुक्माबाई एकटी राहायची. करुणा लहान असतानाच नवरा गेला, तेव्हापासून त्या बाईनं शिलाई मशीन चालवून एकुलत्या एक लेकीला शिकवलं होतं. करुणाच्या अंगावर दुसऱ्या कुणी शिवलेला ब्लाउज मी कधी पाहिला नाही.

एकदा तिच्याबरोबर मीही गेले. गाडीत बसायला जागा मिळाली नाही, वारंगा फाट्यापर्यंत उभ्यानं. रुक्मामावशीनं आम्हाला आधी जेवू घातलं, मग मागच्या खेपेला टाकलेला ब्लाउज करुणाच्या हातात दिला. तिनं तो घातला आणि तिला हात वर करता येईना.

"मावशी, दंडात लई घट्ट झाला की हो," मी म्हटलं.

"व्हय बाई, डोळ्यानं दिसून नाही राहिलं आता," मावशी म्हणाल्या. "राहू दे इथंच. झंपर सोडून ठेवते, पुढल्या रविवारी येऊन घेऊन जाय म्हणा."

माझं माहेर बंजारा तांड्याचं. आई आपली काचळी, म्हणजे चोळी, स्वतःच्या हातानं शिवायची, आरसे लावायची, तिच्या शेजारी बसून मलाही सुई कळलेली. मी ब्लाउज उलटा करून पाहिला. आत शिवणीला दोन बोटं कापड सोडलेलं होतं, आणि टाका असा सरळ की डोळ्यानं अधू बाईच्या हातचा तो नव्हेच. मशीनच्या वर खिळ्याला करुणाचा मापाचा ब्लाउज टांगलेला होता. नजरेसमोर माप असताना दर वेळी दंडातच चूक कशी होते, हे मला कळेना.

परतीच्या गाडीत मी विचारलंच. करुणा खिडकीतून बाहेर केळीच्या बागा बघत राहिली.

"आईचं माप कधी चुकत न्हाई, निता. मुद्दाम घट्ट शिवते. मंग मला परत जावं लागतं."

"आन तू मुद्दाम साड्या घेतेस?"

ती हसली आणि हसता हसता तिनं डोळ्याला पदर लावला.

तिचे सासरे जळबामामा तसे सरळ माणूस, पण त्यांचा एक कायदा होता. सून कामाशिवाय माहेरी जायची नाही. 'बसायला गेली की घर उठतं,' असं म्हणायचे. लेकीनं माहेरी जायला दिवाळी-पंचमीची रीत त्यांच्या बौद्ध घरात नव्हती, आणि रुक्मामावशीला व्याह्याच्या घरी पाहुणी म्हणून येऊन बसायचा संकोच. राहिलं काय, तर ब्लाउज. ब्लाउज हे काम होतं, शिवाय आईकडे शिवणावळ पडत नाही म्हणून जळबामामाही खूश. एका साडीत आईची भेट तीनदा व्हायची, एकदा कापड टाकायला, एकदा ब्लाउज आणायला आणि एकदा दंड सोडून घ्यायला. तशा त्या जगत होत्या दोघी, आणि आपसात याबद्दल एका शब्दानं कधी बोलल्या नव्हत्या.

हिंगोली जिल्हा झाली त्याच्या पुढच्या वर्षी करुणाच्या नवऱ्याला, सुरजभाऊंना, घर बांधायचे वेध लागले. पाटबंधारे खात्यात कारकून. निर्व्यसनी, शिस्तीचा माणूस, पण शिस्त अंगात आली की समोरचं माणूस दिसेनासं होतं असला. कुठल्याशा रविवारच्या पेपरात उधळपट्टी कशी थांबवावी असा लेख आला, तो त्यांनी कापून ठेवला आणि कपाट उघडलं. सगळ्या साड्या पलंगावर आल्या, पलंग पुरेना म्हणून बाजेवर आल्या. मला साक्षीला बोलावलं.

"वहिनी, तुमीच सांगा, हे घर हाय का दुकान?" मग करुणाकडे वळून एकेक साडी उचलायला लागले. "ही कुठं नेसलीस? आन ही? हिची तर घडी मोडलेली न्हाई. काहून घेतली?"

करुणा पलंगावरून घसरलेल्या साड्या उचलायला लागली. घडीच्या साड्यांवर दुकानाच्या चिठ्ठ्या तशाच होत्या. माझ्या जिभेवर आलं होतं, की भाऊ, साडी नेसायला घेतलेली नाही. पण दारात जळबामामा उभे होते आणि करुणानं माझ्याकडे असं पाहिलं की मी तोंड मिटलं.

ठरलं ते असं: वर्षभर नवी साडी नाही. फारच मन गेलं तर दुकानातून हात हलवत घरी यायचं, आठवडा जाऊ द्यायचा, आणि तरी हवीच वाटली तर बोलायचं. सल्ला वाईट नव्हता, मी स्वतः त्याच्यावर पुढं पैसे वाचवले. करुणालाही त्या ढिगाऱ्यापुढं मनापासून लाज वाटली होती. "निमित्त निमित्त म्हणता चटकच लागली गं," मला म्हणाली. "त्यायचं काय चुकलं?"

हे आईला सांगायला ती एकदा, राहिलेला ब्लाउज आणायचा म्हणून, जाऊन आली. मावशी म्हणाल्या, "बरं केलंस बाई. शहाणी झाली." मग उठून खिळ्यावरचा मापाचा ब्लाउज काढून झटकला आणि पुन्हा जागेवर टांगला. "माप तेवढं राहू दे माझ्यापाशी."

करुणानं शब्द पाळला. दसऱ्याच्या प्रदर्शनात एका जांभळ्या साडीपुढं थबकली, पदर दोन बोटांत धरला आणि सोडून दिला. सुरजभाऊ किती खूश झाले! मला म्हणाले, "वहिनी, सुधरली ना?" मला त्या दिवशी त्यांचा राग आला. पण तो नियम पाळणारीचाही आला. अगं बाई, एकदा तरी म्हण की आईला भेटायचंय! पण इतकी वर्षं निमित्ताआड राहिलेल्या बाईला सरळ दारातून जाता येत नाही.

मार्च सरता सरता डोंगरकड्याहून केळी घेऊन येणाऱ्या बाईनं निरोप आणला. चौदा एप्रिलला नेसायला पांढरा झंपर शिवून ठेवलाय, येऊन घेऊन जा म्हणाली आई. करुणा हरखून गेली. संध्याकाळी मी त्यांच्या ओट्यावरच होते. तिनं सासऱ्यांना विचारलं.

"पांढरा झंपर कपाटात हाय की," जळबामामा म्हणाले. "सुरजनं समदं काढलं तवा म्या पाहिलाय. एका झंपरासाठी दिवस मोडायचा व्हय?"

बोलण्यात खोट काढायला जागा नव्हती. जयंतीच्या मिरवणुकीत करुणा जुनाच ब्लाउज घालून चालली. पुढं उन्हाळा तापला, बालवाडीला सुटी लागली, आणि एका दुपारी गल्लीच्या तोंडच्या एसटीडीवर फोन आला. रुक्मामावशी मशीनवर बसल्या बसल्या कलंडल्या होत्या. दवाखान्यापर्यंतही पोचल्या नाहीत.

माती झाली. पुढं मावशींच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला मी आदल्या संध्याकाळीच डोंगरकड्याला करुणाजवळ जाऊन राहिले. सुरजभाऊ ओसरीत भिंतीला टेकून बसले होते. आता त्यांना सगळं कळलं होतं. मीच सांगितलं, मातीला जाताना गाडीत, न राहवून. रडत रडत मला म्हणाले, "मला बोलायचं ना तिनं. म्या न्हाई म्हणलं असतं का?" नसतंच म्हटलं त्यांनी. पण तिला कधी तसं वाटलं नाही, याला काय करावं?

सकाळी सगळ्यांना पांढरं नेसायचं होतं. मशीनच्या खणात वर्तमानपत्रात बांधलेलं पुडकं मिळालं. आईनं शिवलेला तो पांढरा ब्लाउज. करुणा आतल्या खोलीत गेली, मी दार लोटून घेतलं.

तिनं बाह्या चढवल्या, हुक लावले. हात वर केला. मग दुसराही केला. दोन्ही हात वर करून ती तशीच उभी राहिली.

"निता," ती म्हणाली, "दंडात बराबर बसलाय गं."

माझा विश्वास बसेना. मी बाहीची कड उलटून आतली शिवण पाहिली. सोडायला कापड ठेवलेलंच नव्हतं. जास्तीचं सगळं शिवणीलगत कापून टाकलं होतं.

करुणानं हात खाली घेतले आणि खिळ्यावर टांगलेल्या मापाच्या ब्लाउजात तोंड खुपसून ती मोठ्यानं रडली. "आईनं वाट पाहणं सोडून दिलं होतं गं," एवढंच म्हणत होती. बाहेर वंदना सुरू झाली, तरी तिला हलवायचा धीर मला झाला नाही.