मुंजीचा डबा

लखनौबाहेर, चिनहटच्या पुढे, कारखाने संपून आंब्याच्या बागा सुरू होतात तिथे 'अरण्यकुल' नावाची निवासी शाळा आहे. आठवडाभर तिथली पोरं चारचौघांसारखी गणितात नापास होतात, पण शनिवार-रविवारी त्यांना वर्गात पाय ठेवायला बंदी. तंबू ठोका, चूल पेटवा, दोराला लटका, तळ्यात होडी उलटवा आणि आपली आपण सरळ करा.

आठवीतल्या सिद्धेशला हे सगळं मनापासून आवडलं असतं. फक्त यशोधन नसता तर.

सिद्धेश इंदिरा नगरचा, यशोधन निशातगंजचा. शाळेत मराठी पोरं ही दोनच, त्यामुळे तुलनेला तिसरं कुणी मिळतच नसे. सिद्धेशची आई विनयाताई दर रविवारी भेटायला यायची आणि डबा हातात द्यायच्या आधी म्हणायची, "यशोधन बघ कसा काटक झालाय! नाहीतर तू." यशोधनची होडी उलटत नसे. यशोधनचा भात लागत नसे. डाससुद्धा यशोधनला परवानगी काढून चावतात, अशी सिद्धेशची खात्री होती.

त्यात ऑक्टोबरचा हिमालयातला ट्रेक आला. बारा जागा. अकरा नावं फळ्यावर लागली होती आणि बारावी या दोघांपैकी एकाची होती. ट्रेकला नेणारे रणजित सर रविवारी सकाळी, आईवडिलांसमोर, तंबू तपासून ठरवणार होते.

यशोधनचा तंबू इस्त्री केल्यासारखा ताठ. सिद्धेशचा तंबू पोटात कळ आल्यासारखा मधेच वाकलेला. बघून बघून सिद्धेशच्या छातीत जळजळायला लागलं.

सरांचा पहिला नियम होता, "खाना अंदर, तो बंदर अंदर." तंबूत दाणासुद्धा ठेवायचा नाही. रविवारी सगळी पोरं तळ्यावर गेली तेव्हा सिद्धेशने हॉस्टेलमधल्या कपाटातून बेसनाच्या लाडवांचा स्टीलचा डबा काढला, दोन लाडू स्वतः खाल्ले (उगाच सगळेच कशाला वाया घालवायचे?) आणि झाकण सैल करून डबा यशोधनच्या तंबूत सारून दिला.

दहा मिनिटांत माकडं आली. पाच आत घुसली आणि सहाव्याने डबा बाहेर ओढून तंबूची चेन लावून टाकली. मग तंबू चालायला लागला. खुंट्या उपटत, किंचाळत, तो मैदानातून निघाला, वाटेत सिद्धेशचा तंबू आडवा केला आणि फाटकातून आत येणाऱ्या पालकांच्या दिशेने वळला. "रुको! अबे रुको!" करत रणजित सर मागे. शेवटी तंबू तळ्यात उतरला, फाटला आणि पाच ओली माकडं पाच दिशांना गेली. सहावं तळ्याकाठच्या आंब्यावर बसून शेवटचा लाडू खात होतं. खाऊन झाल्यावर त्याने डबा सरांच्या पायाशी टाकला.

सरांनी उचलून वाचलं. "'चि. सिद्धेशच्या मुंजीनिमित्त सप्रेम भेट.' सिद्धेश? ये तुम्हारा है?"

सिद्धेशच्या तोंडचं पाणी पळालं. मग देव पावल्यासारखं त्याला आठवलं. दोन वर्षांपूर्वीच्या मुंजीत आईने नाव कोरलेले असे साठ डबे वाटले होते. लखनौतल्या यच्चयावत मराठी घरात एकेक होता.

"सर, ऐसे डिब्बे तो सबके घर में हैं. यशोधन के भी!"

यशोधन निथळत पुढे आला. डबा बघून त्याचा चेहरा पडला. मागच्या रविवारी त्याच्या आईने, कांचनताईंनी, अशाच डब्यातून शंकरपाळे आणले होते. "सर, मेरा ही होगा. मुझसे अंदर रह गया होगा. सॉरी, सर."

सिद्धेशला आकाश ठेंगणं झालं. पण सरांनी यशोधनच्या खांद्यावर हात ठेवला.

"तंबू तो कोई भी खड़ा कर लेता है. सबके सामने गलती मानना मुश्किल है. पहाड़ पर मुझे यही लड़का चाहिए."

टाळ्या झाल्या. विनयाताईंनी पदराने डोळे टिपले. "बघ. शिक जरा!"

हे मात्र फार झालं. डबा आपला, लाडू आपले, डोकं आपलं, मेहनत आपली, आणि टाळ्या यशोधनला? चूकसुद्धा याने आपलीच ढापावी? सिद्धेशच्या तोंडून हिंदी पळूनच गेली.

"खोटं बोलतोय तो! डबा माझाय! मी ठेवला, मुद्दाम ठेवला! त्याला असलं काही सुचणार तरी आहे का?"

"क्या कह रहा है?" सरांनी विचारलं. कांचनताईंनी शब्दन् शब्द, अगदी सावकाश, हिंदीत सांगितला.

सिद्धेशने शेवटची आशा धरली. "सर, मैंने भी तो गलती मानी."

"मानी. मगर पहले जानबूझकर की भी."

बारावं नाव यशोधनचं लागलं. सिद्धेशला दिवाळीपर्यंत दर शनिवार-रविवारी लंगूर व्हायची शिक्षा झाली. लाल माकडं लंगुराच्या आवाजाला घाबरतात, म्हणून शहरात तसा आवाज काढणारी माणसं ठेवतात. शाळेत ते काम आता सिद्धेशकडे आलं. पहिल्या शनिवारी माकडं जवळ येऊन ऐकत बसली. तिसऱ्या शनिवारी त्याने यशोधनची नवी सॅक पाहिली, नवे बूट पाहिले आणि मचाणावरून असा काही भुभुकार सोडला की माकडं पळाली, माळी पळाला, आणि पाहुणे म्हणून आलेले एक निवृत्त कर्नलही गाडीत जाऊन बसले. पुढच्या आठवड्यापासून बारकी पोरं तो ऐकायला मचाणाखाली गर्दी करायला लागली.

ऑक्टोबरात ट्रेकची बस निघाली. खिडकीतून यशोधनने मान बाहेर काढली.

"यार, वो आवाज मुझे भी सिखा दे ना. मी किती ट्राय केलं. जमतच नाही." त्याने काढून दाखवला. सर्दी झालेल्या शेळीसारखा आला.

सिद्धेशने ती सॅक पाहिली, ती खिडकीची सीट पाहिली. "आल्यावर बघू," तो म्हणाला आणि मचाणावर चढला.

बस फैजाबाद रोडला लागेपर्यंत तो ओरडत राहिला. माकडं केव्हाच पळाली होती.