घोड्याची स्प्रिंग

पिस्तुलाच्या मुठीतला खिळा त्याने हलकेच ठोकून बाहेर काढला, तशी घोड्याची स्प्रिंग त्याच्या तळहातावर आली. समोर स्टुलावर दाजी पाय हलवत बसले होते.

"घोडा पडतो, टक् वाजतं, पण गोळी काही सुटत नाही," दाजी म्हणाले. "अगदी तुझ्यासारखं. आवाज आहे, दम नाही."

तो हसला. बहिणीच्या नवऱ्याच्या विनोदाला या घरात सगळेच हसत.

"जुनं पिस्तूल आहे, दाजी. स्प्रिंग मऊ पडते."

वरून आईची हाक आली. "जावईबापूंना चहा टाकू का रे?"

"टाका, टाका!" दाजींनीच परस्पर उत्तर दिलं.

फडक्याने स्प्रिंग पुसताना त्याचा अंगठा थबकला. झिजलेली स्प्रिंग आखूड होते, पण तिचं टोक शाबूत राहतं. इथे वेटोळी कापून तिचा जोरच काढलेला होता. शिवाय कापलेलं टोक कानशीने घासून गुळगुळीत केलेलं, आतल्या भागाला ओरखडा पडू नये म्हणून! ही शिस्त त्याच्या वडिलांची, आप्पांची. हे बंदूक-दुरुस्तीचं दुकान त्यांचं, आणि त्यांनी ती दोघांनाच शिकवली होती, त्याला आणि ताईला. ताईचा हात याच्यापेक्षा बरा, असं आप्पा शेवटपर्यंत ऐकवत राहिले.

अगं वेडे ताई, कापायचं तर कापून मोकळं व्हायचं. टोक कशाला घासत बसलीस? दुसऱ्या कुठल्याही कारागिराने बघताक्षणी सांगितलं असतं, साहेब, हे काम शिकलेल्या हाताचं आहे. मग तो हात कुणाचा, हे शोधायला दाजींना लांब जावं लागलं नसतं.

"बिघाड लक्षात कधी आला?" त्याने मान वर न करता विचारलं.

"परवा."

"नेमबाजीच्या मैदानावर नेलं होतंत?"

दाजींचे पाय हलायचे थांबले. "घरीच. तुझ्या ताईची जीभ हल्ली फार चालते. जरा रोखून गंमत केली. आत गोळी आहे हे कुठं माझ्या ध्यानात होतं!"

मागच्या खेपेला ताई बॅग घेऊन आली, ती याच स्टुलावर बसून होती. भांड्याला भांडं लागायचंच, असं म्हणून आईने समजूत काढली आणि तीच बॅग उचलून त्याने ताईला परत पोचवलं होतं. तो नालायकपणा त्याचाच होता.

"दाखव की जुनी," दाजी म्हणाले. काढलेला भाग नव्याशेजारी ठेवून दाखवायचा आणि पुडीत बांधून गिऱ्हाइकाला परत द्यायचा, हा आप्पांचा नियम दाजींनाही ठाऊक होता.

तो खणाकडे वळला. ताईची स्प्रिंग मुठीत दाबली, भंगारातली एक खरोखर झिजलेली स्प्रिंग शोधली आणि नव्या स्प्रिंगशेजारी फडक्यावर ठेवली.

"बघा, किती आखूड झालीय."

दाजींनी मान डोलावली आणि त्याने बांधून दिलेली पुडी खिशात घातली. "घरचा माणूस असला की बरं असतं. बाहेर कोण कधी टोपी घालेल, नेम नाही."

"खरंय," म्हणत तो पाठमोरा झाला. पिस्तुलाची मूठ व्हाइसच्या पकडीत धरून त्याने ताईचीच स्प्रिंग परत आत बसवली, खिळा ठोकला. नवी त्याने आपल्या खिशात टाकली.

दाजींनी रिकामं पिस्तूल भिंतीवर रोखून चाप ओढला. टक्.

"वा! आता कसं खणखणीत!"

टक् तर आधीही वाजत होतं. पण दाजींना तेवढा कान नव्हता.

आई चहा घेऊन जिना उतरली, तेव्हा तो हात धूत होता.

"आई, वरची खोली झाडून ठेव. मी दाजींबरोबर जातोय, ताईला घेऊन येतो."

"असं अचानक? अरे, लोक काय..."

"म्हणू देत."

"कशाला आणायचंय तिला?" दाजींनी विचारलं. आवाज एकदम खाली आला होता.

"दुकानात काम फार साठलंय. तिचा हात माझ्यापेक्षा बरा आहे."

दाजी जागचे हलले नाहीत. पिस्तूल त्यांच्या हातातच होतं. त्यांच्याकडे पाठ करून तो चपला घालायला खाली वाकला.